आग्रा रोडवरचे तीन गाळे

(ब्रिटनमधील आपल्या मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर)

मंडळी, नमस्कार.

मी आज खानदेशी खाद्यपरंपरेवर बोलावे, अशी कार्यकारिणीची सूचना होती. ती मी पाळू शकत नाही, याबद्दल क्षमा असावी. गेले तीन आठवडे माझ्या मनात दुसरेच काही घोळते आहे.

डिसेंबरात आम्ही धुळ्याला गेलो होतो. आग्रा रोडवर आमची वडिलोपार्जित इमारत आहे. खाली तीन गाळे आणि वर राहण्याची जागा. ती पाडून तिथे व्यापारी संकुल उभारण्याचा प्रस्ताव एका बिल्डरने दिला आहे. दादाचा कल होकाराकडे, माझा नकाराकडे. त्यावरून भरल्या ताटावर आमची चांगलीच जुंपली. रागाच्या भरात मी म्हणालो, "आपले असे तिथे आता काहीच उरलेले नाही, निदान भिंती तरी राहू द्या." दादा गप्प बसला. माझी अकरा वर्षांची मुलगी मात्र म्हणाली, "बाबा, काहीच नाही कसे? खाली तर चार जण काम करत होते."

ते चौघे मीही पाहिले होते. डावीकडच्या गाळ्यात मोबाइल दुरुस्त करणारा तरुण आणि त्याचा मदतनीस, मधल्या गाळ्यात पार्सलांचे ढीग लावणारा मुलगा, आणि उजवीकडे, जिथे आप्पांचे कापडाचे दुकान होते तिथे, झेरॉक्सच्या यंत्रापाशी बसलेल्या एक ताई. "कव्हय उनात भाऊ?" म्हणजे कधी आलात, असे त्यांनी आपुलकीने अहिराणीत विचारलेही होते. पण इमारतीचा फोटो काढताना मी मोबाइल इतका तिरका धरला की एकही नवी पाटी त्यात येऊ नये. तोच फोटो मी आपल्या गटावर टाकला आणि आपल्यापैकी चाळीस जणांनी त्याखाली "गेले ते दिवस" असे लिहिले.

त्या गाळ्यांना पूर्वी फळ्या होत्या, हे इथल्या बऱ्याच जणांना सांगायला नको. सकाळी एकेक फळी काढायची, रात्री क्रमाने लावायची आणि वरून लोखंडी पट्टी अडकवायची. आता लोखंडी शटर आहे, पण उंबऱ्यातली फळ्यांची खाच तशीच आहे. मोबाइलवाल्याच्या हातून पडलेले बारीक स्क्रू घरंगळत त्या खाचेत जातात आणि तो दोरीला बांधलेले लोहचुंबक तिच्यातून फिरवून ते वर काढतो. मुलगी अर्धा तास ते पाहत बसली होती. तिने त्याला विचारले, "तुमच्या आधी इथे कोण होते?" त्याने माझ्याकडे बोट दाखवले आणि मला धड उत्तर देता आले नाही.

हा प्रश्न ती इथूनच शिकून गेली होती. आपल्या गावच्या हाय स्ट्रीटवर दगडात बँकेचे नाव कोरलेले जे कॉफीचे दुकान आहे, त्याचा इतिहास तिच्या वर्गाने गेल्या वर्षी शोधून काढला. केली या प्रकाशकाच्या जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्यांत रस्त्यावरच्या क्रमांकानुसार प्रत्येक दुकानदाराचे नाव छापलेले असते. वूलवर्थ्स या दुकानसाखळीची इथली ८०७ दुकाने २००९च्या जानेवारीपर्यंत बंद झाली, तेव्हा आपल्यातलेही काही जण हळहळले होते. पण त्या जागांवर पुढे कोण आले, याची नोंद इथे कोणी ना कोणी ठेवतो.

आणि आपण? खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याची पेठ आखली, म्हणून आपल्या गल्ल्या सरळ आहेत आणि त्यांना क्रमांक आहेत, हे आपण अभिमानाने सांगतो. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गोळा केलेली दफ्तरे याच गावाने जपली, हेही सांगतो. त्याच गावात, आप्पा गेल्यावर, लाल कापडी बांधणीच्या चाळीस वर्षांच्या वह्या मी स्वतः रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवल्या. भाडेकरूंची खाती त्याच वह्यांत होती. त्याचे वाईट वाटायला मला वीस वर्षे लागली.

म्हणून त्या रात्री आई, दादा आणि मी आठवून आठवून यादी करायला बसलो. डावीकडे कापसाची अडत होती, पांढरी गादी आणि लोड असलेली. १९७२ मध्ये सरकारची एकाधिकार कापूस खरेदी आली, खाजगी व्यापार थांबला आणि ती गादी उठली. मग रेडिओ-दुरुस्ती, मग पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ, मग मोबाइल. मधल्या गाळ्यात सोनार होते. १९६३च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचा नियम आला आणि चौदा कॅरेटपेक्षा जास्त शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. त्या उन्हाळ्यात त्यांनी भट्टी विझवली आणि ते मुलांना घेऊन सुरतेला गेले, असे आप्पा सांगत. १९७१ मध्ये तिथे होमिओपॅथीचा दवाखाना आला आणि तो पुढे कितीतरी वर्षे टिकला.

दवाखाना टिकला त्याचे कारणही दादाने त्या रात्री समजावले. मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७ चा; त्यामुळे डॉक्टरांचे भाडे महिना साठ रुपयांवर थांबलेले. नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, तेव्हा वर्षाला चार टक्के वाढ मिळाली, म्हणजे पहिल्या वर्षी दोन रुपये चाळीस पैसे. धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, मृगाआधी खारी माती टाकायची, तर तिच्या एका ट्रॅक्टरलाही ते वर्षाचे भाडे पुरत नसे. ही माती दरवर्षी दादा टाकतो. मी बावीस वर्षे इथे आहे आणि त्या धाब्यासाठी आजवर एक पैसाही पाठवलेला नाही. तरी इमारत पाडू नका, असे सांगण्याचा हक्क मात्र मी गाजवला. आपल्यापैकी अनेकांच्या घरी, अमळनेरला, चोपड्याला, नंदुरबारला, अशीच बोलणी चालू आहेत, हे मला ठाऊक आहे. कृपा करून फोनवर हुकूम सोडण्याआधी धाबे कोण शाकारते, ते विचारा. आणि गावी गेलात की खालच्या दुकानातून काहीतरी विकत घ्या. मी गेलो तेव्हा साध्या दोन झेरॉक्सही काढल्या नाहीत.

इमारत पाडली तर तिथे काम करणारे चौघे कुठे जातील, याचे उत्तर बिल्डरच्या कागदात नाही. न पाडली आणि एखाद्या पावसाळ्यात तुळई खाली आली तर काय, याचे उत्तर माझ्याकडे नाही. दादाला आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, होय की नाही ते कळवायचे आहे.

यादी मुलीने वहीत उतरवली आहे. तिच्यात सोनार गेल्यापासून दवाखाना येईपर्यंतची आठ वर्षे कोरी आहेत. दादा म्हणतो, गाळा बंद होता. आई १९६९ मध्ये त्या घरात सून म्हणून आली. ती म्हणते, दुपारी वर पाठ टेकली की खालून शिवणयंत्राचा आवाज यायचा, आणि कोण शिवते आहे, हे नव्या नवरीला विचारायचे सुचले नाही. आज या सभागृहात धुळ्याची सात-आठ कुटुंबे बसलेली आहेत. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी कुणी त्या काळात आग्रा रोडवरच्या शिंप्याकडे कपडे शिवायला टाकले असतील, तर जाण्यापूर्वी मला भेटा. वही मी सोबत आणली आहे.