‘विदारक चित्रण’ खोडल्यावर

[दृश्य : ग्रंथालयातलं टेबल, उघडं पुस्तक, कोऱ्या चिठ्ठ्या]

एखाद्या कथेवर निबंध लिहायचा विषय हाती पडला की बरेच विद्यार्थी आधी ‘शोधगंगा’, म्हणजे विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह, उघडतात. तीन-चार प्रबंध उतरवून घेतात, त्यांतली मतं जुळवतात आणि मग सवडीने कथा वाचतात. निबंध तिथेच फसतो. उशिरा वाचलेल्या कथेत दुसऱ्याने दाखवलेलं तेवढंच दिसतं.

आपण एकच कथा घेऊ. दलित साहित्यातले कथाकार बाबूराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’. याच नावाचा संग्रह 1963 साली आला. निवेदक रेल्वेतल्या नोकरीसाठी गुजरातमध्ये उधन्याला येतो, जात लपवून राहतो, पुढे बिंग फुटतं आणि त्याला मार बसतो. निबंधात कथासार एवढंच पुरे. अर्ध्याहून अधिक पानं कथानक सांगण्यात जातात, ही या प्रकारातली सर्वांत सामान्य चूक. परीक्षकाने कथा वाचलेलीच असते.

[दृश्य : पेन्सिलीच्या खुणा, दोन रकाने]

पहिलं वाचन हातात पेन्सिल न घेता करायचं. दुसऱ्या वाचनाला दोन रकाने आखून बसा : निवेदक उघड काय बोलतो आणि मनात काय म्हणतो. या कथेत सगळा ताण या दोहोंमधल्या फटीत आहे. प्रत्येक चिठ्ठीवर एकच ओळ, तिचा पृष्ठक्रमांक आणि ती का टिपली याचं एक वाक्य. वीस-पंचवीस चिठ्ठ्या होतात; दीड-दोन हजार शब्दांच्या निबंधात त्यांतल्या सहा ते आठच टिकतात.

आता प्रतिपाद्य, म्हणजे निबंधाचा मुख्य दावा. ‘या कथेत जातिव्यवस्थेचं विदारक चित्रण आहे’ हे वाक्य मराठीत हजारदा लिहून झालंय, आणि ते कुठल्याही दलित कथेला चिकटवता येतं. त्याला कुणी ‘नाही’ म्हणणार नाही, म्हणूनच ते निरुपयोगी. दावा असा हवा की शहाण्या वाचकालाही त्यावर वाद घालता यावा. उदाहरणार्थ : गुपित शीर्षकातच फोडलेलं असल्यामुळे वाचक ‘कळेल का’ हा प्रश्न सोडून ‘कधी कळेल’ या धास्तीने वाचतो, आणि निवेदकाची भीती वाचकाच्या अंगावर येते. हे शीर्षक, निवेदनाचा प्रथमपुरुष आणि प्रसंगांचा क्रम या तीन गोष्टींवरून सिद्ध करता येतं.

खरी गंमत शेवटाची आहे. कथेतला दुसरा दलित कामगार काशीनाथ आपली जात लपवत नाही, अंगावर येणाऱ्याला भिडतो. मार खाल्लेला निवेदक मात्र त्याला म्हणतो, की मला या माणसांनी नाही, मनूने मारलं. ही समज वाढल्याची खूण म्हणायची, की समोरच्या हातांना दिलेली सूट? दोन्ही वाचनांना कथेत आधार सापडतो. निबंधात यावर किमान दोन परिच्छेद खर्च करा. आपल्या दाव्याला अडचणीचा ठरणारा पुरावा गाळला, तर जाणकाराला तो लगेच दिसतो.

[दृश्य : जुनी मासिकं, बांधीव खंड]

समीक्षा आता काढायची. तीन-चार लेख बस्स. बागूल यांचंच ‘दलित साहित्य : आजचे क्रांतिविज्ञान’ घेतलं, तर त्यातली भूमिका कथेला प्रमाणपत्रासारखी जोडू नका, कथा ती भूमिका पाळते की कुठे ओलांडते, ते तपासा. समीक्षकाचं मत उद्धृत केलं, की पुढच्या दोन-तीन वाक्यांत त्याला उत्तर द्यायचं : पटलं तर का, अपुरं वाटलं तर नेमकं कुठे. नुसत्या मतांची रांग लावली, तर लिहिणारा स्वतः कुठेच दिसत नाही. आणि ‘मी’ म्हणजे बागूलच, असं धरून चालू नका. चरित्रातली साम्यं निबंधाचा पुरावा होत नाहीत.

आवृत्ती एकच ठरवा आणि ती नोंदवा. पुनर्मुद्रणात पृष्ठक्रमांक सरकतात. अनेक मराठी कथा आधी मासिकात किंवा दिवाळी अंकात येऊन मग संग्रहात गेल्या. तसं असेल तर दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या ग्रंथालयात मूळ अंक मिळतो का ते बघा, आणि पाठात फरक असेल तर कोणता वापरला ते सांगा.

प्रबंधांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत इतरांच्या लेखनाशी साम्याची 10 टक्क्यांपर्यंतची मर्यादा आहे. श्रेय देऊन केलेली उद्धृतं त्यात मोजली जात नाहीत. शब्द फिरवून उचललेला परिच्छेद साम्य तपासणाऱ्या यंत्राच्या नजरेतून सुटेलही. मार्गदर्शकाला मात्र भाषेचा सांधा जाणवतो.

शेवटी सगळी अवतरणं पुस्तक समोर ठेवून अक्षर-अक्षर ताडून बघा. बोलीतला मजकूर टंकताना संगणक किंवा आपलीच सवय ‘व्हतं’चं ‘होतं’ करून टाकते, आणि पात्राच्या बोलीवर लिहिलेला अख्खा परिच्छेद निराधार होतो.