अशोकाने पश्चात्ताप कुठे कोरला नाही?

नमस्कार मंडळी. कलिंगचं युद्ध झालं, रणांगण बघून अशोकाचं मन पालटलं, तो बौद्ध झाला. शाळेत आपण सगळे हेच शिकलो. आज मी तुम्हाला ओडिशात नेतो, भुवनेश्वरजवळ धौलीला. तिथे दया नदीजवळ एक खडक आहे. वरच्या बाजूला दगडातूनच घडवलेला हत्ती, फक्त पुढचा अर्धा भाग, जणू खडकातून बाहेर येतोय. त्याच्या खाली ब्राह्मीत अशोकाचे लेख. ही कलिंगाचीच भूमी. आणि नेमका इथेच तो प्रसिद्ध पश्चात्ताप नाही!

अशोकाने चौदा शिलालेखांची एकच मालिका ठिकठिकाणच्या खडकांवर कोरवली. पश्चात्ताप आहे तिच्यातल्या तेराव्या शिलालेखात. गिरनारला आहे, डेहराडूनजवळ कालसीला आहे, पार आजच्या पाकिस्तानातल्या शाहबाजगढीला आहे. अशोक स्वतः सांगतो: अभिषेकाला आठ वर्षं झाल्यावर कलिंग जिंकलं, दीड लाख माणसं तिथून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मेली. जिंकलेला राजा असे आकडे फुशारकीने सांगतो. हा सांगतो, मला याचं दुःख आहे. मला हे मनापासून मोठं वाटतं.

पण धौलीला आणि ओडिशातल्याच जौगडला अकरा ते तेरा हे लेख गाळलेत. त्यांच्या जागी दोन वेगळे लेख आहेत, तिथल्या अधिकाऱ्यांसाठी. ‘सवे मुनिसे पजा ममा’, सगळी माणसं माझी लेकरं. कुणाला विनाकारण कोंडू नका, छळू नका. मत्सर, राग, घाई, आळस यांपासून लांब राहा. राज्यकारभाराचा धडा म्हणून हे आजही कुठल्याही कचेरीत लावावं असं आहे. पण ज्यांची माणसं गेली, त्यांच्यासमोर ‘मी चुकलो’ हे शब्द नाहीत. माझ्या मते हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. नुकत्या जिंकलेल्या प्रांतात ती जखम उघडी करायची नव्हती.

आणि त्याच तेराव्या लेखात जंगलातल्या लोकांना तंबी आहे: राजाला पश्चात्ताप झालाय, तरी त्याच्याकडे ताकद आहे, वागणं सुधारा, नाहीतर मारले जाल. फाशीही त्याने रद्द केली नाही. अभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षाच्या स्तंभलेखात मृत्युदंड झालेल्यांना तीन दिवसांची मुदत दिलीय, नातेवाइकांना दयेची विनवणी करता यावी म्हणून.

नव्याण्णव भाऊ मारल्याची कथा मात्र मी बाजूला ठेवतो. ती श्रीलंकेच्या इतिवृत्तांतली, काही शतकांनंतरची. ‘चंडाशोक’ जितका काळा, तितका ‘धर्माशोक’ उजळ, म्हणून ती रंगवलेली दिसते. पाचव्या शिलालेखात तो आपल्या भावाबहिणींच्या घरांची व्यवस्था सांगतो.

आपल्या सोपाऱ्यालाही त्याचे लेख सापडलेत. नवव्याचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, जाऊन बघा. त्या लेखात तो म्हणतो, आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात. खरा विधी म्हणजे दास आणि नोकरांशी नीट वागणं.

दास आणि नोकर. हे वाचताना मला ती कलिंगातून नेलेली दीड लाख माणसं आठवतात. त्यांना घरी परत पाठवलं, असं अशोकाच्या एकाही लेखात नाही.