बोरातली अळी

श्रोतेहो, नमस्कार. ताटावर बसून रेडिओ ऐकत असाल, तर आधी तोंडातला घास संपवा. मग ऐका.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आमचं गाव दारव्ह्याकडचं. पौषाचे दिवस होते, शाळा सुटली की दप्तर ओसरीवर फेकायचं आणि वावराचा धुरा, म्हणजे बांध, गाठायचा. धुऱ्यावर गावरान बोरीची तीन झाडं होती. एकीची बोरं आंबट, एकीची तुरट आणि तिसरी, विहिरीजवळची, नुसती साखर. तिच्याखाली वाकून वाकून मी ओंजळभर बोरं खाल्ली आणि पुढचं बोर दातांनी तोडलं, तर उरलेल्या फोडीत काहीतरी वळवळलं. पांढुरकी, तांदळाच्या दाण्याएवढी अळी. तिचं मला फारसं काही वाटलं नाही, ती बाहेरच होती. पण आधीची ओंजळभर बोरं मी न पाहता खाल्ली होती, आणि त्यांचा हिशोब मनात सुरू झाला.

रडत रडत आजीकडे गेलो. ती पऱ्हाटीत कापूस वेचत होती. मी म्हटलं, आजी, माझ्या पोटात अळ्या गेल्या. तिनं हातही थांबवला नाही. म्हणाली, "अई बी बोरच खाते न बापा, मंग तिच्यात बोराबिगर दुसरं काय असन?"

मी पुढे आयुष्यभर शेतीशाळेत, पिकांवरच्या किडी मोजण्यात दिवस घातले. पण आजीच्या या वाक्यात फारशी दुरुस्ती करावी लागली नाही.

ही अळी येते कुठून, ते सांगतो. बोरावर एक खास फळमाशी असते. तुळशीच्या लग्नात आपण "बोर भाजी आवळा, कृष्णदेव सावळा" म्हणतो आणि देवाला बोर दाखवतो, तेव्हा झाडावरची बोरं हिरवी, वाटाण्याएवढी असतात. माशी नेमकी याच सुमाराला येते. देवाच्या आधी तिचा नंबर लागतो म्हणा ना. मादी कोवळ्या बोराच्या सालीत अंडं टोचून ठेवते. त्याची खूण इतकी बारीक असते की ती शोधायला भिंग लागेल. अंड्यातून अळी निघते, गर खात खात बिवडीपर्यंत, म्हणजे आतल्या टणक बीपर्यंत, जाते आणि बिवडीभोवती तपकिरी घाण करून ठेवते. पोट भरलं की सालीला भोक पाडून बाहेर पडते, खाली जमिनीत शिरते आणि तिथं कोषात जाते.

आता यातली गंमत बघा. आपण सगळे भोक असलेलं बोर फेकतो आणि गुळगुळीत, सुरेख बोर तोंडात टाकतो. पण भोक हे अळीचं बाहेर जायचं दार आहे. भोक पडलंय म्हणजे बाई बहुधा घर सोडून गेल्या. आत कोणी असेल, तर ते त्या गुळगुळीत बोरातच! म्हणून बोर नुसतं बाहेरून पाहू नका, अंगठ्यांनी फोडून बिवडी बघा. टोपलंभर बोरं असतील तर पाण्यात टाका. पोखरलेली बोरं हलकी, ती बरेचदा वर तरंगतात. थोडं मीठ टाकून अर्धा तास ठेवली, तर एखादी अळी आपणहूनही बाहेर येते. ते दृश्य लहान पोरांना दाखवू नका. दाखवलं तर त्या वर्षी घरात बोरं शिल्लक राहतील.

आणि एवढं करूनही गेलीच एखादी पोटात, तर काय? काही नाही. पोटातल्या आम्लात ती टिकत नाही, चण्याफुटाण्यासारखी पचते. आपल्या गडचिरोलीतले माडिया आणि पलीकडे बस्तरमधले लोक लाल मुंग्यांची चटणी हौसेनं खातात. ओडिशातल्या मयूरभंजच्या लाल मुंग्यांच्या चटणीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. अमेरिकेत तर सरकारनंच आकडा ठरवून दिलाय. डबाबंद किंवा गोठवलेल्या रास्पबेरीत 500 ग्रॅममागे सरासरी चार किंवा जास्त अळ्या निघाल्या, तर माल सदोष. म्हणजे सरासरी तीन निघाल्या तर चालतंय.

पण आमच्या शाळेतल्या पोरांचा एक पक्का समज होता, आणि आजही पुष्कळांचा आहे, की बोरातली अळी पोटात गेली की तिचे जंत होतात. या समजाला कारणही तसंच मिळालंय. 10 फेब्रुवारीला शाळाशाळांत, अंगणवाड्यांत जंताची गोळी देतात, आणि तो नेमका बोरांचा हंगाम. पोट्टे दोनात दोन मिळवून मोकळे! बोरातली अळी ही माशीचं पिल्लू आहे. तिला माशीच व्हायचंय, जंत होता येत नाही. जंताची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत, ती उघड्यावर शौच झालेल्या जागेच्या मातीतून येतात. म्हणजे खाली पडलेलं बोर चड्डीला पुसून तोंडात टाकलं, तर भीती त्यावरच्या मातीची आहे. अळी दिसते म्हणून तिच्या नावानं बोंब, आणि माती दिसूनही आपण ती फुंकून सोडून देतो. फुंकरीनं अंडी जात नाहीत हो, धुवावंच लागतं.

फुंकरीवरून उंबर आठवलं. उन्हाळ्यात उंबराच्या खोडाला घोसच्या घोस लागतात. पिकलेलं लाल उंबर फोडलं की आतून चिलटांसारखे किडे भुर्रकन उडतात. हे किडे नसते, तर उंबरच झालं नसतं. उंबराची फुलं फळाच्या आत दडलेली असतात. चिमुकली गांधीलमाशी फळाच्या तोंडाशी असलेल्या बारीक छिद्रातून आत घुसते, फुलांना पराग लावते, तिथंच अंडी घालते आणि तिथंच मरते. तिच्या पिलांतले नर बिनपंखांचे. ते बाहेरच्या जगात रमत नाहीत, माद्यांसाठी भुयार खोदतात आणि संपतात. आमच्याकडे उंबर फोडायचं, झटकायचं, फुंकायचं आणि खायचं असा रिवाज. फुंकरीनंतर आत काय उरतं याचा विचार करणाऱ्यानं उंबर खाऊ नये.

आणि तुरीच्या शेंगा? जानेवारीत मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगांचं गंज चुलीवरून उतरलं, की आमच्या वऱ्हाडात माणसं गोल करून बसतात, बोलणं बंद होतं. त्यातही पाहुणे असतातच. घाटेअळी निदान दिसते तरी, शेंगेला मोठं भोक पाडून डोकं आत खुपसून बसते. शेंगमाशीची अळी मात्र दाण्यातच राहते आणि वरून शेंग साजरी दिसते. चुलीच्या उजेडात कोण बघतो? आमचे एक मामा म्हणायचे, "शेंगा अंधारातच गोड लागते." आता विजेच्या लखलखाटात मी शेंग सोलतो तेव्हा मामांचं म्हणणं फार पटतं.

सगळेच किडे असे गुपचूप पोटात जात नाहीत. हिरवा ढेकूण, म्हणजे तुरीवर, भाजीपाल्यावर बसणारा तो ढालीसारखा किडा, एकदा दाताखाली आला की दिवस गेला. मला तो मूठभर तुरीच्या ओल्या दाण्यांबरोबर आला होता. थुंकलो, चूळ भरली, गूळ खाल्ला, तरी संध्याकाळपर्यंत जिभेवर तीच चव. त्याच्या वासातलं एक द्रव्य कोथिंबिरीतही असतं, हे मला पुढे कळलं. तेव्हापासून सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, घातलेल्या वरणाकडे मी जरा संशयानं बघतो. केसाळ सुरवंटाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. त्याचे केस ओठांत, घशात रुततात, सूज येते. लहान मुलानं तोंडात घातला तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना.

आणि आता खरी काळजीची गोष्ट. माझ्या लहानपणी धुऱ्यावरची बोरी ही कुणाचीच नव्हती, तिला कुणी औषध मारत नव्हतं. आजही तिला कुणी मारत नाही, पण दोन्ही बाजूंच्या पऱ्हाटीवर, तुरीवर मारतात आणि वारा धुरा ओळखत नाही. 2017 च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले. ज्यांच्या घरची माणसं गेली त्यांना मी नवीन काय सांगणार? पण बोरं वेचणाऱ्या पोरांच्या मायबापांना एवढंच विचारतो, की शेजारच्या वावरात फवारा कधी झाला, ते तुम्हाला माहीत असतं का? औषधाच्या डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. फवारल्यावर किती दिवस तोडणी करू नये, हेही त्यावर लिहिलेलं असतं. पण ते त्या पिकासाठी असतं, धुऱ्यावरच्या बोरीसाठी नाही. म्हणून ताज्या फवाऱ्याचा वास येत असेल, तर त्या दिवशी बोरीखाली जायचंच नाही. आणि औषधाच्या रिकाम्या डबकीत बोरं भरून आणायची नाहीत. हसू नका, मी डोळ्यांनी पाहिलंय.

मागच्या महिन्यात नातू सोबत होता. बाजारातली मोठी, चकचकीत, कलमी बोरं त्याला फार आवडली, कारण एकातही अळी नव्हती. मला त्याच कारणानं आवडली नाहीत. त्याला म्हटलं, अळीनं का खाल्लं नसेल रे? तो म्हणाला, "आबा, तिला चढता आलं नसेल." मी पुढे काही बोललो नाही. ती बोरं धुतली, फोडली आणि खाल्ली.

आज इकडे येताना विहिरीजवळच्या बोरीची पिशवीभर बोरं आणलीत. आजी गेली, विहीर आटली, पण बोरी आहे. इथं ध्वनिमुद्रणाच्या खोलीत खायला मनाई आहे, आणि मघापासून पिशवीशेजारी टेबलावर काहीतरी पांढरं हळूहळू सरकतंय. बाहेर जाऊन बघतो.

नमस्कार.