अर्ज अप्रूव्ह आहे, मग स्कॉलरशिपचे पैसे अडले कुठे?

नमस्कार. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय: "ताई, महाडीबीटीवर अर्ज अप्रूव्ह दिसतोय, पण खात्यात एक रुपया नाही." महाडीबीटी म्हणजे राज्य सरकारची साइट, जिथे आपण शिष्यवृत्तीचे अर्ज भरतो. कुणी म्हणतंय पाच महिने झाले, कुणी म्हणतंय वर्गात सगळ्यांचे आले, माझेच राहिले. आज त्यावरच बोलू.

आधी कुठल्या कुठल्या योजना आहेत ते भराभर सांगते, बऱ्याच जणांना माहीत आहे. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती, घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. १९४४ पासूनची योजना आहे ही. शासकीय वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना स्वाधार, म्हणजे राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी मदत. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला आपण सगळे ईबीसी म्हणतो, तिथे मर्यादा ८ लाख. "मी ओपनमधला, मला कोण काय देणार" म्हणून अर्जच न भरणारी मुलं मला दर वर्षी भेटतात आणि दर वर्षी वाईट वाटतं. अरे, भरा! मुलींसाठी ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे: ईडब्ल्यूएस म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास, किंवा ओबीसी, उत्पन्न ८ लाखांच्या आत, व्यावसायिक अभ्यासक्रम, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. फक्त प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला असेल तर नाही.

कर्जाचंही विचारलंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी मंजूर केली. यादीतल्या संस्थेत प्रवेश असेल तर तारण नाही, जामीनदार नाही, आणि उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत. पण माझं मत स्पष्ट आहे. आधी शिष्यवृत्तीचा अर्ज. त्यातून जेवढं भागत नाही, तेवढ्यालाच कर्ज.

आता अडलेल्या पैशांकडे येते.

मी कमेंटमध्ये विचारते, "आधार सीडिंग आहे का?" उत्तर ठरलेलं: "हो ताई, आधार लिंक आहे." लिंक वेगळं, सीडिंग वेगळं. हे मी प्रत्येक व्हिडिओत सांगते, आजही सांगणार, कारण नेमकं इथेच पैसे अडतात. खातं उघडताना तुम्ही आधारची झेरॉक्स दिलीत, ती केवायसी, म्हणजे फक्त ओळखीचा पुरावा. असं आधार चार बँकांत दिलेलं असू शकतं. पण सरकारी पैसे पाठवताना एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे, एक नोंद बघितली जाते. या आधार नंबरचे पैसे कुठल्या बँकेत टाकायचे, एवढीच ती नोंद. तिथे एका वेळी एकाच बँकेचं नाव असतं. ही नोंद होणं म्हणजे सीडिंग.

रेशनकार्डाचं उदाहरण घ्या. तुम्ही गावीही राहता, शिकायला शहरातही राहता, दोन्हीकडे जेवता. पण नाव एकाच कार्डावर. धान्य त्याच कार्डावर येणार. शहरात ज्यांच्याकडे राहता त्यांच्या कार्डावर धान्य मागताना "मी इथेच राहतो हो" असं कितीही सांगा, त्या कार्डावर तुमचं नाव नाही.

माझ्या बाबतीत हेच झालं होतं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी नवीन सिम घेतलं. दुकानात दोनदा अंगठा लावायला सांगितला, मी लावला. त्यातल्या एका अंगठ्यावर माझ्या नावाने एक खातं उघडलं गेलं आणि आधार तिकडे सीड झालं. माझी स्कॉलरशिप त्या खात्यात पडून होती, आणि मी आठ महिने कॉलेजच्या ऑफिसात चकरा मारत होते. तिथल्या क्लार्क मॅडमवर मी एकदा आवाजही चढवला. त्यांनी माझा अर्ज पहिल्याच आठवड्यात पुढे पाठवलेला होता. त्याचं मला अजून वाईट वाटतं. त्या आठ महिन्यांत बाबांनी मेसचे पैसे उसने घेतले होते, म्हणून हा विषय मी सोडत नाही.

आणि हे एकदा करून संपत नाही. जूनमध्ये सीडिंग बरोबर होतं, ऑगस्टमध्ये मोबाइलवर एखादं झिरो बॅलन्स खातं उघडलं, खाली बारीक अक्षरांत डीबीटीची, म्हणजे सरकारी पैसे थेट त्या खात्यात घेण्याची, संमती होती, तुम्ही टिक केलं. झालं, नोंद सरकली. नवी बँक आली की जुनी जाते.

मग बघायचं कसं? मायआधारच्या साइटवर जा, आधार नंबर टाका, ओटीपी टाका, "बँक सीडिंग स्टेटस" उघडा. तिथे बँकेचं नाव दिसेल आणि ॲक्टिव्ह की इनॅक्टिव्ह ते दिसेल. नाव ओळखीचं आहे का? ते खातं चालू आहे का? दोन्ही उत्तरं "हो" असतील, तरच निर्धास्त राहा.

नसेल तर तुम्हाला हव्या त्या बँकेत जा. आणि काउंटरवर "आधार लिंक करा" म्हणू नका! ते कॉम्प्युटरमध्ये बघतील, "लिंक आहे" म्हणतील आणि तुम्ही घरी याल. म्हणायचं असं: "डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंग करायचंय." संमतीचा फॉर्म मिळेल. आधी दुसऱ्या बँकेत सीडिंग असेल तर तिचं नाव त्या फॉर्मवर लिहा. फॉर्म दिल्याची शिक्का मारलेली पोच घ्या. काही दिवसांनी स्टेटस स्वतः परत बघा. तोंडी "झालं" ऐकून थांबू नका.

एकाने विचारलंय, "पैसे आईच्या खात्यावर घेता येतील का?" नाही. अर्जात आधार तुमचं आहे, खातंही तुमचंच लागणार.

अजून एक, याचा मला खरंच राग येतो. नेट कॅफेवाला प्रोफाइल बनवताना स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतो. मग कॉलेजने कागद अस्पष्ट म्हणून अर्ज सेंड बॅक केला, तर तो मेसेज त्याला जातो. तुम्ही समजता अर्ज पुढे सरकतोय, आणि तिकडे मुदत संपते. सेंड बॅक म्हणजे रिजेक्ट नाही, दुरुस्त करून परत पाठवायचा असतो. फॉर्म कॅफेत भरा, हरकत नाही. नंबर आणि पासवर्ड मात्र तुमचाच. शेजारी उभे राहून बघा.

स्टेटस बघितलंत की काय दिसलं ते खाली लिहा, मी रोज संध्याकाळी उत्तरं देते. फक्त आधार नंबर, ॲप्लिकेशन आयडी, फोन नंबर कमेंटमध्ये टाकू नका. काल अशा तीन कमेंट मला काढाव्या लागल्या. बँकेचं नाव आणि ॲक्टिव्ह की इनॅक्टिव्ह, एवढ्यावर मला सांगता येतं.