खाणीतली पेन्शन

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यात बॉयर्स नावाचं एक छोटंसं गाव आहे. तिथे चुनखडीची एक जुनी खाण आहे, जमिनीखाली २०० फुटांहून खोल. चुनखडी काढणं कधीच बंद झालं. आता आत लोखंडी कपाटं आहेत, कपाटांत फायली, आणि त्या फायलींत अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची उभी नोकरी. कुणी निवृत्त झालं की त्याची कागदपत्रं या खाणीत पोचत असत.

२०१४ साली वॉशिंग्टन पोस्ट या दैनिकाने या जागेची हकीकत छापली, तेव्हा तिथे ६०० च्या आसपास माणसं काम करत होती. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जायची. नेमणूक कधीची, मधे किती वर्षं खंड, सैन्यात किती काढली, हे कागद लावून बघायचं. एखादा कागद नसला की मूळ खात्याकडे मागणी, आणि तो येईपर्यंत फाइल तशीच पडून. सगळं जुळलं की आकडे हाताने संगणकात भरायचे. एका प्रकरणाला सरासरी ६१ दिवस लागत. १९७७ सालीही तेवढेच लागत होते. तोवर निवृत्त माणसाच्या हातात अंदाजाने काढलेली, थोडी कमीच रक्कम पडते. महिनाअखेरीला पगाराची सवय असलेल्या घरात त्याचा अर्थ काय होतो, हे पेन्शनची वाट बघितलेल्या आपल्याकडच्या कुणालाही सांगायला नको.

हे काम संगणकावर न्यायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. पहिला सुरू झाला १९८७ साली. १९९६ मध्ये तो सोडून दिला. नंतर आणखी एक मोठी व्यवस्था २००८ साली चालू करून पाहिली, तर पेन्शनचे हिशोबच चुकायला लागले. ती मागे घेतली आणि २०११ मध्ये तोही प्रकल्प गुंडाळला. सगळे मिळून १० कोटी डॉलरांहून अधिक गेले.

मी १९९८ साली पुण्यात कोबोल या जुन्या संगणकभाषेत काम करत होते. २००० साल यायच्या आत प्रोग्राममधल्या सालाचे दोन आकडे चार करायचे, म्हणजे ९८ चं १९९८, एवढंच सांगायला सोपं काम. प्रोग्राम माझ्यापेक्षा वयाने मोठा होता. त्यात एका ठिकाणी एक अट दिसली, एका विशिष्ट तारखेआधीच्या नोंदींना वेगळं सूत्र लावणारी. का, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि लिहिणारे गृहस्थ निवृत्त झाले होते. आम्ही ती अट अनावश्यक म्हणून काढली. पंधरा दिवसांनी हिशोब चुकल्याची तक्रार आली आणि ती जशीच्या तशी परत घालावी लागली. तेव्हापासून मला पक्कं वाटतं, की जुन्या व्यवस्थेत यंत्र बदलणं हा सोपा भाग असतो. तिच्यात मुरलेले नियम कुणाला माहीत आहेत, हे शोधणं अवघड. बॉयर्समध्ये तेच आहे. अग्निशमन दलातल्या माणसाला एक नियम, संसद सदस्याला दुसरा, १९८४ च्या आधी लागलेल्याला तिसरा. ते नियम काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने केले, तेही वर्षानुवर्षं एकावर एक.

अमेरिकेचं केंद्र सरकार संगणकांवर वर्षाला १०० अब्ज डॉलरांहून अधिक खर्च करतं. त्यातला ८० टक्क्यांच्या आसपास पैसा आहे ते चालू ठेवण्यातच जातो. आयकर खात्याच्या करदात्यांच्या मूळ नोंदी ज्या प्रणालीत आहेत, तिची सुरुवात १९६० च्या दशकातली. पैसा वर्षागणिक मंजूर होतो, अंदाजपत्रक लांबलं की नवं काम सुरूच करता येत नाही, आणि खात्याचा माहिती-तंत्रज्ञान प्रमुख साधारण दोन वर्षांत बदलतो. दहा वर्षांचं काम अशा हातांत कसं तडीस जाणार?

१ ऑक्टोबर २०१३ ला आरोग्यविम्याचं सरकारी संकेतस्थळ सुरू झालं, तेव्हा पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची नोंदणी पूर्ण होऊ शकली. कंत्राटदार ५० च्या वर होते. सगळ्यांची कामं एकत्र जुळतात का, हे बघायला एकच जबाबदार माणूस हवा होता, तो नव्हता. काही आठवड्यांत बाहेरून जाणती माणसं आणून सगळ्यांना एका खोलीत बसवलं, रोज बैठका घेतल्या, आणि डिसेंबरपर्यंत गाडं रुळावर आलं. बाकी माणसं तीच, यंत्रंही बरीचशी तीच. मला यातच खरा धडा दिसतो, आणि तो खर्चिकही नाही.

दिरंगाईची दुसरी किंमत मात्र भरून येत नाही. बॉयर्सच्या खाणीत ज्या खात्याचं हे पेन्शनचं काम चालतं, त्याच खात्यातून २०१५ साली २ कोटी १५ लाख लोकांची माहिती चोरीला गेल्याचं उघड झालं. त्यात ५६ लाख लोकांच्या बोटांचे ठसे होते. पासवर्ड बदलता येतो. अंगठा कसा बदलायचा?

२०२५ साली निवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरायची सोय झाली. ज्यांची नोकरी अलीकडची, त्यांना तिचा उपयोग लवकर होईल. पण १९९० मध्ये नोकरीला लागलेल्या बाईंच्या पहिल्या नेमणुकीचा कागद आजही एखाद्या कपाटातच असेल, आणि त्यांची पेन्शन पूर्ण होण्यासाठी कुणाला तरी त्या खाणीत जाऊन तो काढावा लागेल.

नमस्कार.