काळ्या शाईखालची दीड ओळ

श्रोतेहो, नमस्कार.

नागपुरात वर्धा रोडने अजनीकडे जाताना सेंट्रल जेलची ती लांबलचक भिंत आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. आज बोलायचं आहे ते अशा भिंतींच्या आत लिहिलेल्या वह्यांबद्दल. राजकीय कैद्यांच्या डायऱ्या, त्यांची पत्रं, त्यांच्या कविता.

‘श्यामची आई’ कुणाच्या घरात नाही? साने गुरुजींनी ती नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ९ फेब्रुवारी १९३३, गुरुवारची रात्र, तेव्हा सुरुवात केली आणि सोमवारी सकाळी लिहून पूर्ण. सरकारने डांबून ठेवलेला माणूस, पण लिहिलं कशाबद्दल? आईबद्दल. त्याच्या आदल्या वर्षी, १९३२ साली, धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते भराभर उतरवून घेत. १८ अध्याय, १८ रविवार. आपल्या हातात आहेत ती गीता प्रवचनं म्हणजे त्या टिपणाची पुण्याई. आपले तुकडोजी महाराजसुद्धा १९४२ च्या आंदोलनात नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात होते.

लोकमान्यांना मंडालेला शाई मिळत नव्हती. ‘गीतारहस्य’ शिसपेन्सिलीने लिहिलं. सुटे कागद द्यायचे नाहीत, बांधीव वही द्यायची, तिची पानं मोजलेली. म्हणजे एक पान फाडलं तरी कळणार. १९१४ साली ते सुटले, पण वह्या सरकारने लगेच दिल्या नाहीत.

तर मुद्दा एवढाच. तुरुंगातली वही वाचताना देशासाठी लिहिलेल्या ओळी तर वाचाच, पण घरासाठी लिहिलेल्या ओळी सोडू नका. ‘डाळ संपली का’, ‘धाकट्याचा ताप उतरला का’, अशा ओळी. छापताना कितीदा त्याच गाळल्या जातात, संपादकांना त्या किरकोळ वाटतात. मला त्याचा मनापासून राग येतो.

हे मला कुणी शिकवलं, ते सांगते.

जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली. आम्ही नागपूरच्या महाल भागात राहायचो. माझ्या आजोबांना मिसाखाली, म्हणजे अंतर्गत सुरक्षेच्या कायद्याखाली, उचललं. खटला नाही, तारीख नाही, कधी सुटणार ते कुणाला ठाऊक नाही. तुरुंग दुसऱ्या गावी. आजी पहाटेच्या एसटीने जायची, पिशवीत पाटोडीचा डबा, आणि कधी भेट मिळायची, कधी डबा तसाच परत यायचा.

पत्रं यायची ती तपासून. मी चौथीत होते. आजीला अक्षर लागत नसे, म्हणून पत्र वाचायचं काम माझं. १९७६ च्या फाल्गुनात एक पत्र आलं. मजकूर नेहमीचाच, तब्येत बरी आहे, मुलांनी अभ्यास करावा. आणि मध्येच दीड ओळ काळ्या शाईने पार गिरवून टाकलेली. मी वाचता वाचता थांबले. आजी म्हणाली, “काहून थांबली?” मी म्हटलं, “पुढचं खोडलं आहे.”

आजीने पत्र खिडकीशी धरलं. उलटं करून धरलं. कंदिलाशी धरलं. मग स्वयंपाकघरातून खोबरेल तेलाची वाटी आणली आणि बोटाने त्या पट्टीवर तेल लावलं. तेल लागलं की कागद आरपार दिसतो ना, तसा तो दिसायला लागला. अक्षर मात्र नाही. काळं ते काळंच राहिलं. ते पत्र माझ्याकडे आहे, तेलाचा डाग अजून पिवळा दिसतो.

तेव्हापासून आजीच्या मनाने घेतलं की आजोबांना काहीतरी झालं आहे. छातीत दुखत असेल, मारलं असेल, आणि तेच नेमकं खोडलं. वर्षभर ती रात्री उठून बसायची. “काय लिहून राहिले होते, देव जाणे.”

१९७७ साली आजोबा सुटले. दुसऱ्याच दिवशी शेजारून कोयता मागून आणला आणि अंगणातल्या कडुनिंबावर चढले. वय ५८. आजी खालून ओरडते आहे, “आधी दोन घास खा, मग झाडावर चढा!” त्यांनी एक फांदी तोडली आणि खाली उतरले. रात्री आजीने विचारलं, “त्या फाल्गुनातल्या पत्रात काय होतं?” ते म्हणाले, “आता काय आठवते?” आजीचा विश्वास बसला नाही.

आजोबांची वही तपासणीसाठी आतच ठेवून घेतली होती. ती श्रावणात आली, पोस्टाने, सुतळीने बांधलेली. प्रत्येक पानावर आकडा आणि कुणाची तरी आद्याक्षरं. आजोबा प्रत्येक पत्र आधी वहीत उतरवायचे आणि मग द्यायचे. मी फाल्गुनाचं पान काढलं. ती दीड ओळ तिथे होती.

‘अंगणातल्या निंबाची खालची फांदी तारेला लागते आहे. पावसाच्या आधी तोडून घे, मुलं तिथे खेळतात.’

तार! तपासणाऱ्याला त्यात काय दिसलं असेल ते असो. विजेची तार, एवढंच होतं ते. आणि त्याच पानावर खाली, बारीक अक्षरात, पत्रात न पाठवलेल्या चार ओळी:

निंब अंगणीचा माझा
पाला ढाळीत असेल,
झाडताना तिचा हात
कमरेशी जात असेल.

आजोबा कवी नव्हते. आयुष्यात त्यांनी दुसरी कविता लिहिल्याचं मला माहीत नाही.

याच आपल्या सेंट्रल जेलमधून व्हीलचेअरवरच्या प्राध्यापक जी. एन. साईबाबांच्या कविता आणि पत्रं बाहेर आली. मार्च २०२४ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपातून निर्दोष ठरवलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते गेले. राजकारण तुम्हाला पटो न पटो, कविता वाचा. आणि दिवाळीच्या सफाईत जुनी ट्रंक उघडाल तेव्हा आतली वही रद्दीत घालण्याआधी माझी आठवण ठेवा.

आजीचं सांगायचं राहिलं. मी ओळ वाचली तशी ती उठली, दारात गेली आणि निंबाकडे बघत उभी राहिली. फांदी तोडलेल्या जागी नवे फुटवे आले होते. “म्हणून आल्या आल्या चढले होते,” ती म्हणाली. मग पदराने हात पुसत आत आली आणि माझ्याजवळ बसली.

“परत वाच,” म्हणाली. “तारेपासून वाच.”