माजघरातला कॅमेरा

(दृश्य: पेडणे तालुक्यातील एक चिरेबंदी घर. पाऊस नुकताच थांबला आहे.)

गोव्यातील जुन्या घरांची जोती उंच असतात. अंगणात साचणारे पावसाचे पाणी आणि त्याबरोबर येणारे सरपटणारे जीव बाहेरच राहावेत, हा घर बांधणाऱ्यांचा हिशेब चोख होता. मात्र एके दिवशी या घरात केवळ म्हातारी माणसेच उरतील आणि शेवाळलेल्या पायऱ्या त्यांना एकट्याने उतराव्या लागतील, हे त्या हिशेबात कोणी धरले नव्हते. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण ११.२ टक्के भरले. राज्यांमध्ये केवळ केरळ त्याच्या पुढे होते.

येथे राहणाऱ्या आजींनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. मुलगा दुबईत असतो, मुलगी पुण्यात. गेल्या पावसाळ्यात आजी मागीलदारी न्हाणीच्या उंबऱ्यावर घसरल्या, मनगट मोडले आणि हाताचे प्लास्टर निघण्यापूर्वीच सोप्यावर एक व माजघरात एक असे दोन कॅमेरे बसले. मुलाने आईला तसे सांगितले होते, विचारले नव्हते.

माजघरातल्या कॅमेऱ्यावर रोज सकाळी काही वेळ एक पंचा टाकलेला असतो. आजी तेव्हा वेणी घालतात. "ह्यांच्यासमोरसुद्धा मी कधी केस सोडून बसले नाही, आता दुबईला दाखवू काय?" असे त्या विचारतात आणि आपल्याच बोलण्यावर हसतात. थोड्याच वेळात फोन वाजतो. "आई, कॅमेऱ्याला काय झाले?"

(दृश्य: न्हाणीकडे जाणारी मागची वाट.)

मुलाची काळजी खोटी नाही. या वयात मांडीचे हाड खुब्याशी मोडले तर शस्त्रक्रिया, अंथरूण आणि परावलंबन अशी साखळी सुरू होते व पुष्कळ माणसे त्यातून पूर्वीसारखी उठत नाहीत. परंतु कॅमेऱ्यात पडलेले माणूस दिसते, त्याने पडणे थांबत नाही. न्हाणीच्या भिंतीला धरायला दांडा, पायाखाली खरखरीत फरशी आणि मागच्या वाटेवर रात्रभर जळणारा एक दिवा ही कामे गावातला गवंडी आणि वायरमन एका दिवसात करून देतात. आमच्या चित्रीकरणाच्या वेळेपर्यंत या घरात ती झालेली नव्हती.

त्याऐवजी बहुतेक घरांत मनाई येते. बाजाराला जाऊ नको, देवळाच्या पायऱ्या चढू नको, कुळागरात, म्हणजे घराजवळच्या पोफळीच्या बागेत, एकटी उतरू नको. ही मनाई प्रेमापोटी होते, आणि म्हणूनच तिच्याशी भांडणे अवघड जाते. वैद्यकाचा अनुभव मात्र निराळे सांगतो. पडण्याच्या भीतीने चालणे कमी झाले की मांड्यांचे स्नायू झिजतात, तोल सांभाळण्याची सवय मोडते आणि पडण्याची शक्यता उलट वाढते. शिवाय बाजारात भेटणारी माणसे सुटतात ती वेगळीच.

साखळी शहराजवळ राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या स्कूटरबाबत मुलांशी जो करार केला आहे, तो म्हणूनच लक्षात राहतो. कायद्याने खासगी वाहन चालवण्यास वयाची कमाल मर्यादा नाही; पंचावन्नाव्या वर्षानंतर परवान्याचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते व त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. गुरुजींनी आपल्या मर्यादा याहून कडक ठेवल्या आहेत. दिवेलागणीनंतर स्कूटर बाहेर काढायची नाही, महामार्गावर न्यायची नाही, पावसात चालवायची नाही, आणि ज्या दिवशी डोळ्यांचे डॉक्टर नको म्हणतील त्या दिवशी किल्ली सुनेच्या हाती द्यायची. या अटी त्यांनी स्वतः घातल्या आहेत, त्यामुळे त्या पाळताना त्यांच्या मनाला डाचत नाही.

(दृश्य: एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सातबारा, त्यावर चष्मा.)

वास्तविक या वयातील मोठे धोके केवळ पायरीवर नसतात. ते कागदावर आणि फोनवरही असतात, आणि तिकडे लक्ष ठेवणारा कॅमेरा अजून निघालेला नाही.

मोप येथील विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि पेडण्यातील भाटांकडे, म्हणजे माडांच्या बागायती जमिनींकडे, नव्या नजरा वळल्या. त्याआधीच, जून २०२२ मध्ये, बनावट कागदपत्रे करून जमिनी बळकावल्याच्या प्रकरणांसाठी गोवा सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले होते. मालक परदेशी असलेल्या, हयात नसलेल्या किंवा वारसांनी वर्षानुवर्षे न पाहिलेल्या जमिनींवर अशा लोकांचा डोळा असतो. पण अनोळखी माणसाच्या बनावट सहीपेक्षा घरातल्या माणसाने मागितलेली खरी सही अधिक अवघड असते, कारण तिथे नाही म्हणायला जीभ रेटत नाही. मुखत्यारपत्र, बक्षीसपत्र, बँकेचा अर्ज, सगळ्यांवर एकच वाक्य ऐकू येते: "तू वाचत बसू नकोस, मी वाचले आहे."

गोव्याचा वारसा कायदा याबाबतीत देशाच्या इतर भागांपेक्षा थोडे संरक्षण देतो. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या आणि पुढे २०१२ च्या गोवा वारसा कायद्यात राहिलेल्या तत्त्वानुसार, मुले असतील तर मृत्युपत्राने साधारणपणे अर्ध्याच मालमत्तेची मनाप्रमाणे विल्हेवाट लावता येते. उरलेला अर्धा हिस्सा त्यांच्यासाठी राखीव असतो. हे संरक्षण अर्थातच मुलांचे झाले. आईवडिलांचे संरक्षण २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करण्याची मागणी न्यायाधिकरणाकडे करता येते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावावा असे म्हटले आहे. तरीही शहाणपण यातच आहे की सांभाळाची अट बक्षीसपत्रातच स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. पोटच्या मुलाकडून अट काय लिहून घ्यायची, असे वाटणारे पुष्कळ भेटले. मामलेदार कचेरीच्या बाकावर बसून राहण्याची वेळ आलेल्यांपैकी कोणाला मात्र तसे वाटत नव्हते.

फोनचे तंत्र याहून निर्दय आहे. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडल्याचे सांगतो आणि तुम्हाला "डिजिटल अटक" झाल्याचे जाहीर करतो. अशी कोणतीही अटक भारतीय कायद्यात नाही. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तातडीने कळवावे, कारण पहिल्या काही तासांत रक्कम अडवली जाण्याची शक्यता सर्वाधिक असते.

मात्र या फसवणुकीचा कणा म्हणजे "घरात कोणाला सांगू नका" ही ताकीद, आणि ती नेमकी कुठे लागू पडते हे पाहण्यासारखे आहे. ज्या घरात आईच्या प्रत्येक चुकीवर फोन काढून घेण्याची, बँकेचे पुस्तक ताब्यात घेण्याची भाषा होते, त्या घरातली आई फसल्यावरही बोलत नाही. तिला गेलेल्या पैशांपेक्षा उरलेली मुखत्यारी जाण्याचे भय मोठे असते. पहारा जितका कडक, तितकी ही लपवाछपवी वाढते.

(दृश्य: पणजी, आल्तिनोची चढण. पुढे पर्वरीतील उच्च न्यायालयाची इमारत.)

शेवटची मर्यादा शरीराची. बरे होण्याची आशा नसताना यंत्रांवर किती काळ ठेवायचे, हे आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची किचकट पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. मे २०२४ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठावर त्या वेळी असलेले न्यायमूर्ती महेश सोनक यांनी असे निर्देशपत्र स्वतःसाठी करून गोव्यात पायंडा पाडला. हा कागद तिजोरीत ठेवून उपयोगाचा नाही. निर्णय कोणी कळवायचा त्या माणसाचे नाव त्यात लिहावे लागते, त्या माणसाला ते ठाऊक असावे लागते आणि घरच्या डॉक्टरांकडे प्रत असावी लागते.

हे सगळे बोलायचे कधी, हा प्रश्न उरतो. इस्पितळाच्या दारात ते बोलणे होत नाही आणि फोनवर ते तुटक होते. गोव्यातील घरांना त्यासाठी चतुर्थी आहे. गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायला सगळी भावंडे एका छताखाली येतात, आणि दुबईच्या विमानाला अजून दोन-तीन दिवस असतात. आजींनी यंदासाठी तीन विषय काढून ठेवले आहेत: न्हाणीतला दांडा, भाटाचे कागद, आणि माजघरातला कॅमेरा. सोप्यावरचा राहू दे, असे त्यांनी मुलीला आधीच कळवले आहे.